पिका दिसला, पण दुर्बीण एकच!
जुलैमध्ये आई साताऱ्याहून आली होती, म्हणून अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क या गावाहून रॉकी माउंटन नॅशनल पार्कची अर्ध्या दिवसाची टूर घेतली, गाइडसकट. पार्कमधला ट्रेल रिज रोड 12,183 फुटांपर्यंत चढतो. वर बोचरा वारा, आईने साडीवर माझं जॅकेट चढवलं. रॉक कट या थांब्यापाशी दगडांच्या राशीजवळ गाइडने थांबवलं. आधी नुसती बारीक शिटी, मग तोंडात गवताची जुडी धरून पिका पळाला. मुठीएवढा, गोल कानांचा, शेपूट तर दिसेचना. "उंदीरच की गं," आई म्हणाली. पण हा सशाच्या कुळातला! हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून उन्हाळाभर गवत कापून दगडांखाली साठवतो. "म्हणजे कडब्याची गंजीच!" आईला लगेच पटलं. पलीकडे मार्मोट (खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी) ऊन खात पसरला होता. त्याला साठवणीची फिकीर नाही. अंगावर चरबी चढवायची आणि हिवाळाभर ताणून द्यायची. खारीला शेंगदाणे टाकणाऱ्या एकाला गाइडने चांगलं झापलं, ते आवडलं. तक्रार एकच: सहा जणांत दुर्बीण एक, माझी पाळी येईतो पिका कपारीत गडप. पाचपैकी चार तारे. दुर्बीण घरूनच न्या.