सकाळची दहा सेकंदांची थरथर: स्कॅनर आणि कॅमेरा नऊ महिने वापरून

माझी हायब्रिड २ लाख ८० हजार किलोमीटर चाललेली आहे आणि मी तिचा तिसरा मालक. नऊ महिन्यांपूर्वी एका सकाळी बटण दाबलं, गाडी रेडी झाली, इंजिन चालू झालं आणि अख्खी गाडी अशी हादरली की आरशात मागचं काही धड दिसेना. दहा-बारा सेकंद हे चाललं. मग जणू काही घडलंच नाही अशी गुमान चालायला लागली. दिवसभर काही नाही, दुसऱ्या सकाळी परत तेच. चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला आणि मी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, मागवला. हा अनुभव त्या स्कॅनरचा आणि पुढे घ्यावा लागलेल्या, मोबाइलला जोडायच्या कॅमेऱ्याचा.

खरं तर स्कॅनर दोन झाले. पहिला सगळ्यात स्वस्त होता, तो आठवड्यात अडगळीत गेला. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरांपैकी बरेचसे ईएलएम३२७ या चिपच्या नकला असतात. मूळ चिपच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, तिथून ही सगळी पैदास सुरू झाली. माझ्या नकलेत कोड दिसायचा, इंजिनचं तापमान दिसायचं, पण मोड ०६ उघडला की अर्धेच आकडे यायचे नाहीतर जोडणीच तुटायची. मिसिंग, म्हणजे सिलिंडरचा चुकलेला ठोका, शोधायचं असेल तर मोड ०६ शिवाय स्कॅनरला फारसा अर्थ नाही. दुसरा थोडा बरा घेतला, तो आजही चालतोय.

मोड ०६ म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्याच घेतलेल्या चाचण्यांचे निकाल. त्यात प्रत्येक सिलिंडरने किती वेळा ठोका चुकवला ते वेगवेगळं मिळतं: एक आकडा चालू किंवा शेवटच्या प्रवासाचा, दुसरा मागच्या दहा प्रवासांच्या सरासरीचा. हे मोजमाप क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, वेगावरून होतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक स्फोट व्हायला हवा. तो झाला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो, सेन्सरला ते कळतं आणि पाळी कोणत्या सिलिंडरची होती तेही कळतं. दिवा लागायच्या कितीतरी आधी हे आकडे वाढायला लागतात. पहिल्याच दिवशी माझ्याकडे १, २ आणि ४ मध्ये शून्य होतं, ३ मध्ये ४७. कोड मात्र पी०३००, म्हणजे 'कुठेतरी, कुठल्याही सिलिंडरमध्ये'. नुसत्या कोडवर गेलो असतो तर चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) बदलून बसलो असतो.

हायब्रिडमध्ये हे जास्त अवघड का जातं? या गाडीला वेगळा सेल्फ नाही. हायब्रिडची विजेची मोटरच इंजिनला मिनिटाला सुमारे १००० फेऱ्यांपर्यंत फिरवते आणि मग पेट्रोल सुटतं. त्यामुळे साध्या गाडीतलं ते 'घुर्र घुर्र, घेत नाही' इथे ऐकूच येत नाही. शिवाय चालत्या गाडीत मोटर इंजिनची उणीव भरून काढते, म्हणून अधूनमधून चुकलेला ठोका अंगाला जाणवत नाही. आणि सिग्नलला थांबलं की इंजिनच बंद! साध्या गाडीत बोनेट उघडून आयडलिंगला कान लावायचा, इथे कान कशाला लावणार? त्यासाठी मेंटेनन्स मोड असतो, ज्यात इंजिन बंद न होता चालत राहतं. तो कसा लावायचा हे प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतं. मला तो शिकायला दोन रविवार गेले.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गाडी रेडी असताना बोनेटखाली हात घालू नका. इंजिन बंद दिसतंय म्हणून ते बंद आहे असं नसतं, मनात आलं की ते आपोआप चालू होतं. मी गाडी पूर्ण बंद करून चावी दुसऱ्या खोलीत ठेवतो, मगच पान्याला हात लावतो. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, वायरींना तर तेव्हाही नाही.

माझा पहिला महिना वाया गेला त्याचं कारण स्कॅनर नव्हता. दिवा लागल्यावर मी आधी एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी कोड पुसला, दिवा गेला आणि 'साहेब, हायब्रिड बॅटरी म्हातारी झालीय, तिचेच झटके आहेत,' असं सांगितलं. बॅटरीचा या थरथरीशी काडीचा संबंध नव्हता, पण ते जाऊ दे. खरा तोटा कोड पुसण्याचा झाला. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाचं तापमान, वेग, इंजिनवरचा भार, सगळं. मोड ०६ चे आकडेही शून्यावर येतात. चोरीच्या जागेवर झाडू मारून ठेवल्यासारखं ते. पुन्हा दिवा लागेपर्यंत तीन आठवडे गेले. मिसिंग दुसऱ्या प्रवासातही दिसलं तरच दिवा स्थिर लागतो, पहिल्या वेळी कोड नुसता पेंडिंग राहतो. पेंडिंग कोड स्कॅनरमध्ये दिसतात, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर तीन आठवडे थांबलोच नसतो.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र वाट बघू नका. दिवा स्थिर असेल तर मिसिंग क्रँकच्या १००० फेऱ्यांच्या हिशोबात मर्यादेबाहेर गेलेलं असतं. लुकलुकणारा दिवा २०० फेऱ्यांच्या हिशोबाचा असतो: न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतंय, असा त्याचा अर्थ. तेव्हा पाय हलका करून गाडी बाजूला घ्यायची.

दुसऱ्या वेळची फ्रीझ फ्रेम मी आधी फोटो काढून ठेवली. कूलंट १९ अंश, वेग शून्य, इंजिन चालू होऊन ८ सेकंद. पुढचा सगळा तपास या तीन आकड्यांनी वळवला. कॉइल दमली की ती बहुधा तापल्यावर आणि भार पडल्यावर दगा देते, चढावर, ओव्हरटेक करताना. माझी गाडी चढावर लोण्यासारखी चालत होती आणि बिघडत होती ती फक्त रात्रभर उभी राहिल्यावर.

तरीही अदलाबदल केली, कारण ती फुकट होते. ३ ची कॉइल १ ला, १ ची ३ ला. दुसऱ्या सकाळी आकडे पाहिले: चुका अजून ३ मध्येच. मग प्लग तसेच फिरवले, तरी ३. चारही प्लग मी नंतर बदलले, पण किलोमीटर झाले होते म्हणून. थरथर जशीच्या तशी राहिली. इंजेक्टरवर संशय होता म्हणून फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते आकडे, आठवडाभर लिहून ठेवले, ते उणे ३ ते अधिक ४ टक्क्यांत फिरत होते. इथे एक फसवणूक आहे. ठिणगीच पडली नाही तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ट्रिम वर चढतो. म्हणून ट्रिम वाचायचे ते मिसिंग नसलेल्या वेळचे.

ईजीआरचाही, म्हणजे थोडा जळालेला वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचाही, विचार केला. जुन्या हायब्रिडमध्ये ईजीआरच्या वाटा काजळीने तुंबतात, जळालेला वायू सगळ्या सिलिंडरना सारखा मिळत नाही आणि त्यानेही मिसिंग होतं. पण थंड इंजिनात ईजीआर व्हॉल्व्ह बंद असतो. पहिल्या आठ सेकंदांचा आरोप त्याच्यावर टाकायचा तर तो उघडाच अडकलेला हवा, आणि तसं असतं तर दिवसभर त्रास झाला असता.

उरलं ते मला नको होतं ते. कूलंटच्या टाकीवर मी चिकटपट्टी लावली आणि दर रविवारी, गाडी थंड असताना, पातळी पाहायला लागलो. महिन्यात बोटभर उतरली. खाली थेंब नाही, पाइप कोरडे, गालिचे कोरडे. गरम गाडी बंद केल्यावर कूलंट दाबाखाली असतं, हेड गॅसकेटला (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलला) बारीक फट असेल तर ते रात्री थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी तो सिलिंडर ओला असतो. दहा सेकंदांत वाफ होऊन गेली की सगळं छान.

कॅमेरा यासाठी घेतला. साडेपाच मिलिमीटरची नळी प्लगच्या भोकातून आरामात जाते. चित्र उलटसुलट दिसतं, दिवा नको तिथे चमकतो आणि इंजिन पुरतं गार नसेल तर भिंग धुकटतं. सवय व्हायला वेळ लागला. १, २, ४ चे पिस्टन काळे कुळकुळीत होते, ३ चा अर्धा घासून ठेवल्यासारखा लख्ख. वाफेने धुतलेला. तो फोटो पाहिला तेव्हा पोटात गोळा आला.

दुसऱ्या एका मेकॅनिकला फोटो आणि आकड्यांची वही दाखवली. त्यांनी ताबडतोब होकार दिला नाही, हे मला आवडलं. निळ्या द्रावाची चाचणी केली. कूलंटमध्ये जळालेला वायू मिसळत असेल तर तो द्राव पिवळा पडतो. माझा निळाच राहिला. 'बारीक गळती यात सापडतेच असं नाही,' म्हणाले. कॉम्प्रेशनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये बनणारा दाब, घेतलं. या इंजिनाच्या ॲटकिन्सन पद्धतीत इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे आकडे कमीच येतात. चारही सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहायचे, साध्या गाडीशी नाही. आणि मोटरने इंजिन नुसतं फिरवून घ्यायचं तर मोठा स्कॅनर लागतो, माझ्यासारख्याचं ते काम नाही. चारही जवळपास सारखे आले. शेवटी कूलंटला पंपाने झाकणावर लिहिलेला दाब देऊन गाडी रात्रभर ठेवली. सकाळी कॅमेरा घातला, ३ च्या पिस्टनवर थेंब बसलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

हेड उतरवलं, फेसिंग केलं (त्याचा पृष्ठभाग सपाट करून घेतला), नवं गॅसकेट बसवलं. ईजीआर कूलर काढला तर त्याच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसत नव्हता, तोही साफ केला. तो आधीच साफ केला असता तर गॅसकेट वाचलं असतं का, यावर मेकॅनिक आणि मी अजून वाद घालतो.

आता वस्तूंबद्दल. स्कॅनरची सर्वांत वाईट खोड म्हणजे तो पोर्टमधून सतत वीज पीत बसतो. एकदा तीन दिवस तसाच विसरलो. हायब्रिडची १२ व्होल्टची बॅटरी लहान असते, ती उतरली आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी रेडी होईना. तेव्हापासून काम झालं की काढून ठेवतो. ॲपमध्ये हायब्रिडची खास माहिती आपोआप येत नाही, मॉडेलप्रमाणे वेगळी भरावी लागते. कॅमेऱ्याचं आरशाचं टोपण सैल आहे. ते सिलिंडरमध्ये पडलं तर काय, या भीतीने मी ते लावतच नाही.

मोड ०६ अजूनही आठवड्याला एकदा उघडतो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून आलो की २ मध्ये एखादी चूक दिसते. चाकांचे हादरे क्रँकपर्यंत पोचतात, त्याची मी दखल घेत नाही. ३ मध्ये शून्य. टाकीवरची चिकटपट्टी काढलेली नाही. चार महिने झाले, पातळी तिच्या वरच्या कडेलाच आहे.