रेकॉर्डिंगमधून गायिकाच गायब झाली: २,२९० रुपयांचा वायरवाला हेडफोन, ११ महिन्यांनंतर

आठव्या महिन्यातली एक सकाळ. रियाजाला बसले, हेडफोन घातला, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि काहीच ऐकू येईना. आवाज पूर्ण वाढवला तरी शांतताच. ॲप बिघडलं असेल म्हणून एका मैफलीचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. तबला डावीकडून येत होता, पेटी उजवीकडून, मागे सभागृहाचा घुमाराही होता, पण गाणारी बाईच नव्हती. विहिरीच्या तळातून यावा तसा तिचा नुसता पडसाद येत होता. मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला, दुसरं रेकॉर्डिंग लावलं, तिथेही तेच. वाद्यं होती, गळा नव्हता.

या एका बिघाडामुळे मी हे सगळं लिहायला बसले आहे. तो झाला नसता तर 'हेडफोन छान आहे, घ्या' एवढं दोन ओळींत लिहून मोकळी झाले असते.

मी सांगलीत राहते, नोकरी मिरजेत. गेली चार वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. घरी वापरायला तानपुरा नाही. मिरजेतल्या कारागिरांनी घडवलेला तानपुरा घ्यायचा आहे, पण त्यासाठी पैसे साठवणं चालू आहे. तोवर ॲप आणि हेडफोन. हेडफोनसाठी अडीच हजार ठरवले होते आणि त्यावर एक रुपयाही जायचा नाही, हेही ठरवलं होतं.

आधीचा हेडफोन १,१०० रुपयांचा होता, खोक्यावर 'एक्स्ट्रा बास' असं मोठ्या अक्षरात छापलेला. त्यामुळे नवा घातला तेव्हा पहिले पाच-सहा दिवस पैसे वाया गेले असंच वाटत राहिलं. डग्गा पोटात घुमत नव्हता, सगळं कसं सपक वाटत होतं. परत करायची मुदत सात दिवसांची होती आणि सहाव्या दिवशी मी खोकं बांधूनही ठेवलं होतं. मग सहज म्हणून रात्री दिवे घालवून नुसता तानपुरा ऐकत बसले.

माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा. त्यामुळे तानपुऱ्याची सर्वांत खालची, खर्जाची तार साधारण १०४ हर्ट्झवर. तार चांगली लागली आणि जवारी (घोडीवरची तारेची बैठक) नीट असेल, तर या खर्जातून पाचपट वर, ५२० हर्ट्झच्या आसपास, एक गंधार आपोआप उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आमच्या बाई वर्गात खऱ्या तानपुऱ्यावर तो ऐकवतात, डोळे मिटून बोट वर करतात आणि विचारतात, "आला का ऐकू?" जुन्या हेडफोनमध्ये तो मला एकदाही सापडला नव्हता, कारण खर्जाचा नुसता धपका बसायचा आणि वरचं सगळं त्याखाली दबून जायचं. या हेडफोनमध्ये तो पहिल्या आवर्तनातच आला, अगदी स्वच्छ. मी उठून खोकं सोडलं.

तेव्हापासून माझी परीक्षा ही एकच. दुकानात जाताना मोबाइलमध्ये तानपुरा घेऊन जावा. गंधार ऐकू आला तर पुढचं बोलावं. खोक्यावरच्या आकड्यांवरून काही कळत नाही. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे दोनशेच्या आणि वीस हजारांच्या हेडफोनवर बऱ्याचदा सारखंच छापलेलं असतं. त्या पट्ट्यात आवाज कुठे किती डेसिबल वरखाली होतो ते सांगितलं नसेल, तर त्या ओळीला अर्थ नाही. ४० मिलिमीटरपेक्षा ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, चांगला, हेही खरं नाही. एक आकडा मात्र बघावा, ओहमचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचा. मोबाइलवर ऐकायचं असेल तर ३२ ओहमच्या आसपासचा घ्या. स्टुडिओसाठी केलेले २५० ओहमचेही मिळतात, त्यांना मोबाइलमधून पुरेसा जोर मिळत नाही आणि आवाज मरतुकडा येतो.

ब्लूटूथ का नाही, असं भावाने दहा वेळा विचारलं. मला स्वतःचं गाणं रेकॉर्ड करताना ऐकायचं असतं आणि ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. गाणं ऐकताना त्या उशिराने काही बिघडत नाही, पण गाताना आपलाच सूर मागून आला तर लय जागेवर राहत नाही. शिवाय बॅटरी. दोन-तीन वर्षांनी ती उतरली की उरलेलं सगळं धडधाकट असूनही वस्तू टाकून द्यायची, हे माझ्याच्याने होत नाही.

मोबाइलला गोल पिनचं सॉकेट नाही, त्यामुळे टाइप-सीचा जोड लागला. इथे मी १५० रुपये घालवले, तुम्ही घालवू नका. काही जोड नुसती वायर असतात, ते ठरावीक मोबाइलवरच चालतात. विकत घेताना त्यात डॅक आहे का हे विचारून घ्या. डॅक म्हणजे मोबाइलमधल्या आकड्यांचा कानाला ऐकू येणारा आवाज करणारी चिप. दुसरा जोड डॅकवाला घेतला, तो चालतो आहे.

आता वायरीकडे येते. या हेडफोनची वायर डाव्या कपात शिरते आणि तिथे कायमची जोडलेली आहे. लांबी ३ मीटर. मी मांडी घालून जमिनीवर बसते, पुढे पेटी, शेजारी वही. वहीकडे वळलं की वायर गुडघ्याखाली अडकते आणि जिथे ती कपात शिरते तिथे मुडपते. त्या ठिकाणी पाऊण इंचाची एक रबरी नळी आहे, पण ती इतकी कडक की वायर नळीच्या तोंडाशीच वाकते, रोज त्याच जागी. आतली तार तुटायला आठ महिने पुरले.

वॉरंटी वर्षाची होती. कंपनीच्या कलेक्शन सेंटरवर दिला, १६ दिवसांनी परत आला, सोबत चिठ्ठी: 'फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही.' मी फोनवर विचारलं, वायरीवर ओरखडा नाही, काप नाही, मग डॅमेज कसलं? उत्तर आलं की केबल वॉरंटीत धरतच नाहीत. वॉरंटी कार्डाचा फोटो पाठवला, त्यात केबल वगळल्याचा शब्द नाही. मग म्हणाले, केबल बदलून मिळत नाही, अख्खा हेडफोन नवा घ्या, ३० टक्के सूट देतो. म्हणजे वीत-दोन विती वायरीसाठी मी पुन्हा सोळाशे रुपये द्यायचे आणि पुन्हा तशीच कडक नळीवाली वायर घरी आणायची. याचा मला फार राग आला, अजूनही आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथल्या बाई नीट बोलल्या, तक्रार पुढे गेली, कंपनीकडून पुन्हा तीच ३० टक्क्यांची सूट आली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तो रस्ता मोकळा आहे. पण मला गाणं थांबवून बसायचं नव्हतं.

मिरजेत ऑफिसच्या वाटेवर एक काका रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांना हेडफोन दाखवला. त्यांनी कानाला न लावताच विचारलं, "गाणारा गेला आणि वाजवणारे राहिले, असं झालंय का?" मी थक्क झाले. हेच तर मी सगळ्यांना सांगत होते आणि कुणाला पटत नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. हेडफोनला डाव्या कानाची एक तार, उजव्या कानाची एक, आणि दोघांची मिळून परतीची एक. ही परतीची तार तुटली की डावा आणि उजवा ड्रायव्हर एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि दोन्हींत फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. गायक रेकॉर्डिंगमध्ये बरोबर मध्यभागी असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखा. सारख्यातून सारखं गेलं की काही उरत नाही. माझं तानपुऱ्याचं ॲप मोनो होतं, दोन्हीकडे अगदी एकच आवाज, म्हणून ते पूर्ण मुकं झालं. त्याच आठवड्यात मी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्यांची रेकॉर्डिंग लावली होती, तीही मुकी. त्यांचं निधन १९३७ चं, सगळं ध्वनिमुद्रण मोनो. मला वाटलं होतं फाइलीच खराब आहेत.

तर कुणाच्याही हेडफोनमधून गायक नाहीसा झाला, तर मोबाइल बदलू नका, ॲप काढून टाकू नका. आधी पिन पूर्ण आत गेली आहे का बघा, अर्धवट बसली तरी हेच होतं. ती बसलेली असेल तर परतीची तार तपासायला सांगा.

काकांनी कप उघडला. वायर कापून परत जोडता आली असती, पण ती तिथेच पुन्हा तुटली असती. त्यांनी जुनी वायर काढूनच टाकली आणि कपाला भोक पाडून साडेतीन मिलिमीटरचं सॉकेट बसवलं. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. लाल उजव्याची, हिरवी डाव्याची, तांब्याच्या रंगाची परतीची. मीटर लावून प्रत्येक तपासली. मजुरी आणि सॉकेट मिळून १८० रुपये. दोन्हीकडे पिन असलेली दीड मीटरची साधी ऑक्स वायर १२० ला आणली. ३०० रुपयांत हेडफोन पहिल्यापेक्षा चांगला झाला. आता गुडघ्याखाली वायर आली की पिन सुटून येते, आतलं काही तुटत नाही.

म्हणून माझं मत मधल्या काळात पार बदललं. पहिल्या दोन महिन्यांत मी सगळ्यांना 'आवाज बघा' सांगत होते. आता आधी वायर सुटी आहे का ते बघा म्हणते, आवाज दुसरा. यासाठी थोडे जास्त पैसे पडतात हे मान्य आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेत एम२०एक्स आणि एम३०एक्सची वायर पक्की असते, सुटी हवी तर एम४०एक्सपर्यंत चढावं लागतं आणि ते माझ्या अडीच हजारांत बसत नाही. कानात घालायच्या प्रकारात मात्र स्वस्तातही मिळते. भावाकडे मूनड्रॉपचा चू २ आहे, त्याची वायर दोन बारीक पिनांवर निघते, पहिल्या चूची निघत नव्हती. ऐकायला तो उत्तम आहे. मला चालत नाही, कारण कान बंद करून गायलं की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर कळत नाही. माझ्या हेडफोनमध्येही थोडं तसं होतं, म्हणून गाताना उजवा कप कानामागे सरकवते. ज्यांना फक्त गाण्यासाठी घ्यायचा आहे त्यांनी मागून उघडा असलेला प्रकार बघावा. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून निघतो आहे, तो तसा उघडा आणि हलका आहे.

बाकीचं थोडक्यात. डोक्यावरची पट्टी दीड तासानंतर टोचते. कप दुमडत नाहीत, पिशवीत जागा खातात. कुशनवरचं नकली चामडं एप्रिल-मेच्या घामाने कडेला सुटायला लागलं आणि गालाला काळे पापुद्रे चिकटायला लागले. आईने जुन्या सुती साडीच्या काठाचे दोन गोल शिवून दिले, तळाला इलॅस्टिक. ते आठवड्याला धुते. कापडाने आवाजात फरक पडतो का हे तपासायला मी पुन्हा दिवे घालवून खर्ज लावला. गंधार होता तिथेच आहे.