ऐरोलीतला रविवारचा अभ्यासगट: दोन कोर्सनंतरचा अनुभव

एनपीटीईएलचे (आयआयटी आणि आयआयएससी यांचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) बारा आठवड्यांचे दोन कोर्स, एक जानेवारीच्या सत्रातला आणि एक जुलैच्या, आम्ही सात जणांनी गटाने केले. व्हिडिओ पाहायला गट लागत नाही. पण वर्गात चेहरा पडला की सरांना कळतं; व्हिडिओ दीडपट वेगाने पुढे जातो आणि आपल्याला समजलं नाही हे कुणालाच कळत नाही. गट हवा तो एवढ्यासाठी.

पहिल्या कोर्सला घोळ झाला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुदतीच्या रात्री उत्तरं फिरायची. असाइनमेंटचे 25 गुण (बारांतल्या सर्वोत्तम आठांवरून धरतात) सहज भरत. पण उरलेले 75 केंद्रावरच्या तीन तासांच्या परीक्षेचे, आणि पास व्हायला 25 पैकी 10 व 75 पैकी 30 असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळावे लागतात. फिरवलेलं उत्तर तिथे उपयोगी पडत नाही.

दुसऱ्या कोर्सपासून नियम एकच ठेवला: ज्या असाइनमेंटची मुदत संपली, तिच्यावरच बोलायचं. प्रत्येकाने उत्तरासोबत ते का निवडलं हे वहीत एका ओळीत लिहून आणायचं. वह्या एकदम उघडायच्या आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथेच थांबायचं.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं एक उदाहरण. 'अ' ही लिस्ट (आकड्यांची यादी), मग 'ब = अ', मग 'ब'मध्ये 3 जोडला. 'अ' छापल्यावर काय दिसेल? सातपैकी चौघांनी जुनी लिस्ट लिहिली होती. फळ्यावर एकच चौकट काढून दोन्ही नावांचे बाण तिच्याकडे नेले तेव्हा उलगडलं: 'ब' ही नवी लिस्ट नव्हेच, त्याच लिस्टचं दुसरं नाव, म्हणून 3 'अ'मध्येही दिसतो. व्हिडिओत हे सांगितलेलं होतंच. पण स्वतःचं चुकीचं कारण मोठ्याने वाचल्यावर ते जसं पक्कं बसतं, तसं नुसतं ऐकून बसत नाही.

वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा. वाचनालयात बोलता येत नाही, म्हणून सोसायटीचं ऑफिस. चावी शनिवारीच मागून ठेवावी. आठाच्या वर माणसं घेऊ नयेत, दोघंच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. ज्याला सगळ्यात चांगलं येतं त्याने शेवटी बोलावं, हे पाळायला सगळ्यात अवघड गेलं.

गळती चौथ्या-पाचव्या आठवड्यात लागते, असाइनमेंट अवघड होऊ लागल्या की. लागोपाठ दोन रविवार न आलेल्याला मेसेज नको, फोन करावा. मेसेजला अंगठा येतो, माणूस येत नाही. फोनवर बहुतेकदा कळतं की एकच आठवडा मागे पडलाय आणि विचारायची लाज वाटतेय. मग कुणीतरी अर्धा तास लवकर येऊन त्याच्यासोबत बसतं.

शेवटचे दोन रविवार मात्र चर्चा बंद: मोबाइल पिशवीत, तीन तासांचा सराव पेपर. त्या दिवशी साडेसातलाच बसायचं.