इमारतभर वाय-फाय की वर्गापुरता राउटर?

खानापूर, निपाणी किंवा बेळगावातल्या कॉलेजात तुम्ही विभागप्रमुख असाल आणि यंदाच्या निधीत दोन्हींपैकी एकच बसत असेल, तर दरपत्रकं मागवण्याआधी स्टाफरूममध्ये बसा. "पोरं मोबाइलच बघत बसतील" हे पहिल्यांदा ऐकू येईल. जरा बोलतं केलंत की खरी धास्ती कळते: तासातली दहा मिनिटं पासवर्डमध्ये जातील आणि भरल्या वर्गासमोर आपली फजिती होईल. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याबद्दल अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये जे मांडलं, त्याच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत: उपयोग आहे का, आणि वापरायला सोपं आहे का. आमचे सहकारी पहिल्याला हो म्हणतात. घोडं दुसऱ्यावर अडतं.

ग्रंथालय, शोधनिबंध, 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचाचे अभ्यासक्रम यांसाठी इमारतभर वाय-फायच हवं. वर्गात मात्र ते दगा देतं. वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झ लहरींचा वेग चांगला, पण जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे तो उरत नाही, 2.4 गिगाहर्ट्झचं वाय-फाय पलीकडे पोचतं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे वेगवेगळे मार्ग, तीनच, त्यामुळे ते गर्दीत रेंगाळतं. शिवाय अशा जाळ्यात सुरक्षेसाठी उपकरणं बहुधा एकमेकांपासून तोडलेली असतात. मग फोनवरचं चित्र पडद्यावर जात नाही, सरांना वाटतं चूक आपलीच, आणि ते पुन्हा हात लावत नाहीत.

वर्गापुरत्या राउटरला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. लॅपटॉपवर मूडल, म्हणजे धडे आणि प्रश्नमंजुषा ठेवायचं मोफत सॉफ्टवेअर, बसवायचं, मुलांनी राउटरला फोन जोडायचे. पावसाळ्यात वीज गेली तरी लहानशा बॅटरीवर तास पुरा होतो. कोणीतरी आधी बसून सगळं भरून ठेवावं लागतं, हा त्याचा जाच आहे.

तरी माझं मत राउटरकडेच झुकतं, आणि कारण आपल्या सीमाभागाचं आहे. एकाच वर्गात मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी माध्यमांतून आलेली मुलं. इंग्रजीत प्रश्न विचारला की मागचे बाक गप्प. तोच प्रश्न त्यांच्या भाषांत फोनवर टाकला आणि नाव न दिसता उत्तर द्यायची मुभा दिली, की कोणाला काय समजलं नाही ते त्याच तासाला दिसतं. कितीही नाखूश शिक्षक असो, हे एकदा पाहिलं की तो पुढच्या तासाला राउटर स्वतः मागतो.

विभागात पीएचडीचे विद्यार्थी असतील आणि ग्रंथालयात नेटच नसेल, तर मात्र आधी वाय-फाय घ्या.

राउटर घेतलात तर पहिला वर्ग हौशी तरुण प्राध्यापकाला देऊ नका. सगळ्यात जास्त कां-कूं करणाऱ्या ज्येष्ठ सरांना किंवा मॅडमना द्या, आणि पहिले चार तास कोणीतरी त्यांच्या शेजारी बसा.