मंडई मेट्रो स्टेशन: पेठेत नवं बांधायचं तर असं बांधा

आधी पुणे मेट्रोच्या सर्व्हिसबद्दल, कारण बऱ्याच जणांना तेवढंच वाचायचं असतं. डेक्कनला बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, मग कसबा पेठ आणि त्याच्या पुढचं मंडई. गाडी स्वच्छ, एसी चांगला. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडला खरेदीला जायचं असेल तर कृपा करून चारचाकी काढू नका, हेच घ्या. जिल्हा न्यायालयापासून पुढचा हा टप्पा 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला, म्हणजे त्या वर्षीचे गणपती नुकतेच होऊन गेले होते, त्यामुळे मंडई स्टेशनने खरे गणपती पहिल्यांदा बघितले ते 2025 मध्येच.

पण मला लिहायचंय ते बांधकामाबद्दल. मेट्रोचं खोदकाम चालू होतं तेव्हा ओळखीपाळखीत एकच सूर असायचा, की पेठांमध्ये असलं मॉडर्न काही नको, जुनं पुणं बिघडेल. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते या एकाच प्रवासात दिसतं.

डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्टेशनांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी केलीयेत. नदीच्या पलीकडून बघितलं की लक्षात येतं, लोक फोटोही काढतात, आणि त्यामागची भावना चांगलीच आहे यात मला शंका नाही. पण प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर त्या पगडीचा प्रवाशाला उपयोग काय? पुण्याचा इतिहास म्हणून वर एक आकार ठेवला की काम झालं, असं आपण समजायला लागलो तर अवघड आहे. पाचात तीन स्टार.

याउलट जिल्हा न्यायालय. तेहतीसेक मीटर खोल, म्हणजे दहा मजली बिल्डिंग जमिनीत आत गेली असं समजा, आणि तरी वरून सूर्यप्रकाश थेट खाली येतो. एस्केलेटरवरून उतरताना मोबाईल खिशात ठेवा आणि एकदा मान वर करा, आपण किती खोल चाललोय आणि तरी आजूबाजूला उजेड आहे, हे बघून मी तर पहिल्यांदा खाली पोचल्यावर तिथेच थांबलो होतो आणि मागचे लोक वैतागले होते. याला मी धाडसी आर्किटेक्चर म्हणतो. जागा अवघड होती, तिचं उत्तर शोधलंय, आणि ते उत्तर दिसायलाही भव्य आहे. पूर्ण पाच.

आता मंडई. जिना चढून बाहेर आलात की चार पावलांवर महात्मा फुले मंडईचा मनोरा. ही इमारत 1886 ची. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. नगरपालिकेने वाड्यांच्या या वस्तीत एकदम दगडी, अष्टकोनी, टोकदार कमानींची, विलायती वळणाची इमारत उभी केली आणि नाव दिलं गव्हर्नर रे साहेबांचं, रे मार्केट. तेव्हाच्या माणसाला ती किती परकी वाटली असेल! खुद्द जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते आजही रास्त वाटतं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. आज कुणी मंडईला हात लावायचं म्हटलं तर अख्खी पेठ रस्त्यावर उतरेल, मीसुद्धा उतरेन.

ती टिकली कशामुळे, तर ती रोज वापरात आहे. आत जाऊन बघा, छत उंच, हवा खेळती, भाजीवाल्या मावश्या ओट्यावर उंच बसलेल्या, त्यामुळे गिऱ्हाईकाला न वाकता माल दिसतो आणि त्यांना येणारा-जाणारा दिसतो. हा विचार कुणीतरी बांधायच्या आधी केलाय.

पेठा बिघडल्या त्या धाडसी इमारतींनी नाही हो. वाडे पडून जे चौकोनी डबे उभे राहिले त्यांनी बिघडल्या. जुनी भाडी इतकी कमी की मालकाला डागडुजी परवडत नाही, भाडेकरू सोडायला तयार नाही, भावाभावांत वाटण्या, लाकूड कुजलेलं, मग एक दिवस बिल्डर येतो. मी कुणालाच दोष देत नाही, गळक्या खोलीत राहणाऱ्याला संडास-बाथरूमसकट फ्लॅट मिळायलाच हवा. पण नवीन बिल्डिंगचा तळमजला बघा ना, नुसतं पार्किंग नाहीतर शटर. वाड्यापुढचा ओटा गेला. संध्याकाळी म्हातारी माणसं ओट्यावर बसायची, बोळातून जाणाऱ्याला हाक मारायची, पोरं तिथेच खेळायची, ते सगळं बंद, आणि याच्यावर कुणी आंदोलन केलेलं मी तरी ऐकलं नाही, कारण हे डबे कुणाच्या डोळ्यात खुपत नाहीत.

मंडई स्टेशन मला आवडतं ते या कारणासाठी. सगळा पसारा जमिनीखाली ठेवलाय, वर थोडकंच बांधकाम, मनोरा होता तसाच दिसतोय, आणि पेठेत पायी फिरणारी माणसं वाढलीयेत. फूटपाथ मात्र वाईट. स्टेशनातून इतक्या नीट जागेतून बाहेर यायचं आणि लगेच लावलेल्या दुचाकींमधून अंग चोरत चालायचं, ज्येष्ठ नागरिकांना तर फारच त्रास. म्हणून चारच स्टार.

इथून पुढे स्टेशनांच्या आसपास जे जे नवीन बांधलं जाईल त्याची डिझाइन स्पर्धा व्हावी, आराखडे मंडईतच लोकांना बघायला लावावेत, आणि अट एकच असावी की तळमजल्याला रस्त्याकडे तोंड करून बसायला जागा हवी. मग वरची बिल्डिंग काचेची करा नाहीतर काँक्रीटची, माझी काही हरकत नाही.