उभ्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी शेड सेल निवडताना: कापड, आकार आणि खांब

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून नेण्याचे फिरते घर, वर्षातले काही आठवडे रस्त्यावर असतो आणि उरलेला सगळा काळ एका जागी उभा असतो. त्याची बरीचशी झीज या उभ्या काळातच होते. छताचे रबरी किंवा प्लास्टिकचे आवरण, झरोक्यांची झाकणे आणि सांध्यांत भरलेले सीलंट यांवर अतिनील किरण रोज पडत राहतात. सीलंट कडक होऊन त्याला भेगा पडतात आणि पुढच्या पावसाचे पाणी त्या भेगांतून भिंतीच्या चौकटीपर्यंत पोहोचते. त्यामुळे सावलीची सोय करताना आतल्या गारव्याइतकाच छताच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो.

शेड सेल म्हणजे खांबांमध्ये ताणून बांधलेले सावलीचे कापड. त्याची तुलना सर्वप्रथम कव्हर आणि पत्र्याची शेड यांच्याशी व्हायला हवी. अंगाबरोबर बसणारे कव्हर चारही बाजू झाकते, हा त्याचा मोठा गुण आहे; परंतु ते सैल राहिले तर वाऱ्याने फडफडून रंग घासते, आत ओल कोंडू शकते आणि प्रत्येक प्रवासाआधी ते उतरवण्यासाठी छतापर्यंत चढावे लागते. पत्र्याची शेड ऊन, पाऊस आणि बर्फ या तिन्हींपासून वाचवते, मात्र ते कायमचे बांधकाम असते आणि त्यासाठी तशी जागा व परवानगी लागते. शेड सेल ट्रेलरला कुठेही टेकत नाही, त्याच्याखालून हवा खेळती राहते आणि ट्रेलर कधीही बाहेर काढता येतो. ज्यांची मुख्य अडचण ऊन आहे, त्यांच्यासाठी मला सेल सर्वांत योग्य वाटते. ज्यांच्या ट्रेलरचे छत आधीच गळत आहे किंवा जिथे बर्फ साचतो, त्यांनी मात्र सेलवर खर्च करू नये. त्यांना छप्परच हवे.

आता कापडाकडे येऊ. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे जाळीदार विणीचे एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) कापड. त्याच्या विणीतून वारा आणि पाणी जाते, गरम हवा वर निघून जाते आणि चांगल्या प्रतीचे कापड ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक अतिनील किरण अडवते. हलक्या सेलचे वजन चौरस मीटरला साधारण १८० ग्रॅम असते, तर दीर्घकाळ टिकणाऱ्या सेलचे ३०० ग्रॅमच्या पुढे जाते. मात्र केवळ वजनावरून प्रत ठरवू नये. चपट्या पट्ट्यांनी विणलेल्या कापडापेक्षा गोल, जाड तंतूंचे कापड ताण अधिक काळ सहन करते, म्हणून नमुना हातात घेऊन तंतू पाहावेत.

दुसरा प्रकार पीव्हीसी या प्लास्टिकचा थर दिलेल्या पॉलिस्टरचा. हे कापड पाऊस अडवते आणि म्हणूनच अनेकांना पहिल्या नजरेत तेच पसंत पडते. येथे सावधपणे विचार करावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी साचले की एक किलो वजन होते. सेलच्या पोटात दोन चौरस मीटरचा, सरासरी पाच सेंटिमीटर खोल खळगा तयार झाला तर त्यात १०० किलो पाणी असते आणि ते अगदी ट्रेलरच्या छतावर लटकत असते. हे टाळायचे तर भरपूर उतार आणि कडक ताण हवा, म्हणजेच खांब आणि पायाही तितकेच भक्कम हवेत. वारा आरपार जात नसल्याने त्याचा संपूर्ण दाब कापडावर येतो, हे निराळेच. तिसरा प्रकार पातळ थर दिलेल्या पॉलिस्टरचा. तो स्वस्त आणि हलका असतो, परंतु सतत उन्हात त्याचा थर लवकर सुटतो. मुक्कामात चार दिवस सावलीसाठी तो ठीक आहे, वर्षभर उभ्या ट्रेलरसाठी नाही. माझी निवड जाळीदार एचडीपीईची आहे. रंगाबाबत इतकेच, की गडद कापडाखाली सावली दाट पडते आणि फिक्या कापडातून उजेड अधिक झिरपतो.

आकाराच्या बाबतीत त्रिकोणी सेल दिसायला देखणे असते, पण ट्रेलर हा लांबट आयत आहे. सहा मीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ कागदावर सुमारे १५.६ चौरस मीटर भरते, तर सात मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छतच १७.५ चौरस मीटर असते. दोन त्रिकोण एकमेकांवर आणून बांधले तरी मध्ये फटी राहतात आणि कापडे एकमेकांना घासतात. आयताकृती सेल घ्यावे आणि त्याचे कर्णाच्या टोकांचे दोन कोपरे उंच, उरलेले दोन खाली ठेवावेत. त्यामुळे पृष्ठभागाला पीळ बसतो, कापड दोन्ही दिशांनी ताणले जाते आणि फडफड कमी होते.

मापात सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. ताण नीट बसावा यासाठी सेलच्या कडा आतल्या बाजूला वक्र कापलेल्या असतात आणि हा वक्र बाजूच्या लांबीच्या साधारण ५ ते १० टक्के असतो. आठ मीटर लांब कड मध्यभागी ४० ते ८० सेंटिमीटर आत येते. म्हणजे आठ बाय चार मीटरच्या सेलची मधली रुंदी प्रत्यक्षात २.४ ते ३.२ मीटरच उरते आणि अडीच मीटर रुंद ट्रेलर त्याखाली जेमतेम झाकला जातो. त्यातच सूर्य कलला की सावली सरकते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना छताच्या एक मीटर वर असलेल्या सेलची सावली छतावर एक मीटर बाजूला पडते आणि ३० अंशांवर असताना सुमारे पावणेदोन मीटर. म्हणून रुंदी पाच मीटरच्या खाली घेऊ नये आणि सेल ट्रेलरच्या नेमके मध्यावर न ठेवता पश्चिमेकडे थोडे सरकवावे, कारण दुपारनंतरचे ऊन सर्वांत जाचक असते. छत आणि सेल यांच्यात निदान ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. छतावर एसी किंवा फ्रिजचा गरम हवेचा झरोका असेल तर हे अंतर त्यांच्या माथ्यापासून मोजावे. एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधीच मऊ पडते.

तरीही कापड आणि आकार यांच्यापेक्षा मी खांबांना अधिक महत्त्व देतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा आडव्या आलेल्या सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे १७ किलो दाब देतो. ४० चौरस मीटरच्या सेलवर वारा पूर्ण आडवा आला तर हा भार जवळपास ७०० किलो होतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. जाळीदार कापड यातला काही भाग सोडून देते, पण पाया त्या भरवशावर लहान करू नये. सेलचा कोणताही कोपरा ट्रेलरला बांधू नये, कारण त्याच्या भिंती असा ओढा सोसण्यासाठी बनवलेल्या नसतात. घराच्या भिंतीला बांधायचे असेल तर केवळ गिलाव्यात किंवा पन्हाळीच्या फळीत बसवलेला हुक पुरेसा नाही. तो मूळ रचनेत बसला पाहिजे. पोलादी खांब सेलच्या विरुद्ध दिशेला किंचित कलते ठेवावेत, त्यांच्या जमिनीवरील उंचीच्या सुमारे एकतृतीयांश भाग काँक्रीटमध्ये असावा आणि काँक्रीटला निदान आठवडाभर मुरू देऊनच ताण द्यावा. मोठ्या सेलचा पाया अभियंत्याकडून तपासून घेणे हा अनाठायी खर्च नव्हे. खांबांची जागा ठरवताना ट्रेलर गाडीला जोडून वळवत आत आणण्याची वाट आधी जमिनीवर आखून घ्यावी आणि खाली उतरणारा कोपरा त्या वाटेवर येऊ देऊ नये.

दोन सेलांपैकी एक निवडताना कडा आणि शिवण उलटून पाहाव्यात. मोठ्या सेलच्या कडेत नुसत्या पट्ट्याऐवजी वायर रोप (पोलादी तारांचा दोर) असेल तर ताण सगळीकडे सारखा पोहोचतो. शिवणीचा साधा पॉलिस्टर धागा अनेकदा कापडाच्या आधी उन्हाने जळतो, तर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) धागा महागडा असला तरी अतिनील किरणांना दाद देत नाही. कोपऱ्यांचे शॅकल (जोडणीच्या कड्या) आणि टर्नबकल (फिरवून ताण देण्याचे स्क्रू) स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि समुद्रकाठी खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या ३१६ प्रतीचेच असावेत. वादळाची सूचना मिळताच दोन माणसांना अर्ध्या तासात उतरवता येईल, इतकीच ही जोडणी गुंतागुंतीची असावी.

छतावर सौर पॅनेल असतील तर सेलखाली त्यांचे काम जवळजवळ थांबते आणि उभ्या ट्रेलरची बॅटरी हळूहळू उतरते. अशा वेळी चार्जरची जोडणी किंवा बाहेर उन्हात ठेवता येणारे सुटे पॅनेल यांची सोय आधीच करावी. टायरांवर मात्र सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कोणत्याही सेलखाली पडतेच, म्हणून त्यांची कव्हरे वेगळी घ्यावीत.