नंबर वहीत लिहा आणि पायमोजे काढायची तयारी ठेवा

सासूबाईंचा मधुमेह १८ वर्षांचा. इतक्या वर्षांत डॉक्टर चार झाले, पण चपला काढून तळपाय दाखवा म्हणणारे हे पहिलेच. "डोळे मिटा आजी, कळलं की 'हो' म्हणा." पेनासारख्या दांडीला नायलॉनचा जाड दोरा, तो तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा. १० ग्रॅमचा दाब, तो कळला नाही तर मधुमेहाने पाय बधिर होतोय. डाव्या अंगठ्याखाली त्यांनी दोनदा टेकवला, आई गप्प. मग म्हणाल्या, "अहो, सुरू करा की!" माझ्या पोटात गोळाच आला.

दवाखाना सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका खोलीचा. डॉक्टर पुण्याच्या बी. जे. या सरकारी मेडिकल कॉलेजचे एमबीबीएस. बाँडच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, एका वर्षासाठी रायगडातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले ते सात वर्षं तिथेच राहिले. विंचू आणि फुरसं चावलेली माणसं रात्री-अपरात्री यायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरली, तीच हेही द्यायचे. सर्पदंशाची तपासणी तर मला इंजेक्शन भरता भरताच सांगितली: कोरड्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरपी करायची. गोठलं नसेल तर विष भिनलंय. पुण्यात साप कुठले, पण विषय निघाला की यांचा चेहरा खुलतो आणि बाहेरची रांग लांबते.

नंतर त्यांनी फॅमिली मेडिसिनमध्ये, म्हणजे घरच्या डॉक्टरकीतच, डीएनबी ही पदव्युत्तर पदवी केली. स्पेशालिस्ट का नाही झालात, विचारलं तर म्हणाले, "बायकोही हेच विचारते." आता सगळा ओढा मधुमेहाच्या पायांकडे.

तक्रारी आहेत. फोनवर नंबर घेत नाहीत, सकाळी जाऊन वहीत नाव लिहावं लागतं. तरी दीड तास बसलो. गाडी लावायला जागा नाही. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागून मिळत नाही, आमचे हे घरी येऊन फणफणले, "२०० रुपये देऊन मिठाच्या गुळण्या!" (चौथ्या दिवशी बरे झाले, ते मात्र सांगत नाहीत.) पाचपैकी चार तारे, एक त्या वहीमुळे कापला.

आईंना मऊ रबरी तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल घ्यायला लावली, घरातसुद्धा घालायची. घालतात. फक्त सकाळी तुळशीला पाणी घालायला अनवाणीच जातात, आणि मला बजावतात, "डॉक्टरांजवळ बोलू नकोस हं."